माझ्या मागची सायकल

दर रविवारी आमचा सायकलींचा गट घाटाकडे निघाला की सबनीस नेमके माझ्या मागे असायचे. माझ्या आडोशाने वारा चुकवतात, असा मला दाट संशय. मी वेग कमी केला की तेही करायचे.

काल घाटमाथ्यावर मी विचारलंच, "तुम्ही कधी पुढे का होत नाही हो?"

"तुमचं मागचं चाक डुगडुगतंय. पडलात तर मागे कुणी नको?"

"मग सांगायचं ना!"

"दोनदा सांगितलं. ऑफिसातून वेळ मिळाला की बघतो, म्हणालात."

म्हणालो होतो. तेव्हा मला ते टोमणे वाटले होते. संशयी माणसाला काळजीही खोचकच ऐकू येते.

मी सायकल आडवी केली. सबनिसांनी पाना काढला आणि माझ्याशेजारी मांडी घातली.