तपासलेल्या वाटेवरचा सुरुंग

“एवढ्यावरच व्हता, तर धावत का न्हाई गेलात?”

मिलिंदच्या आईनं हे विचारलं आणि मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. विश्रांतवाडीतलं त्यांचं दोन खोल्यांचं घर. मिलिंदला शेवटचा निरोप देऊन आठवडाही झाला नव्हता. तो किती लांब पडला होता, असं त्यांनी आधी विचारलं होतं. मी खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दाखवली. खरं सांगून बसलो, झालं.

मी सैन्यात सॅपर होतो, नायब सुभेदार. सॅपर म्हणजे लढाईतला इंजिनियर. पूल बांधायचे, वाटा काढायच्या, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले उचलायचे. पेरणं त्यातल्या त्यात सोपं. उचलताना जीव मुठीत. हवालदार मिलिंद माझ्या हाताखाली होता. बाप लवकर गेला, आईनं मार्केट यार्डात कांदे निवडून दोन मुलं वाढवली. हा फौजेत आला, धाकटा शिकून हडपसरला कम्प्युटर कंपनीत लागला. त्याचं मिलिंदला कोण कौतुक! “साब, ती पोरं एसीत बसून अमेरिकेची कामं करतात. आणि मी इथं वाळू चाळतोय.”

त्या वर्षी दोन्हीकडची सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती. आज पेटतं की उद्या, अशी अवस्था. आम्ही वाळवंटात सुरुंग पेरत गेलो. मग लढाई झालीच नाही. हुकूम आला, पेरलेलं सगळं उचला. इथं लोकांनी हुश्श केलं. आमची लढाई तिथून सुरू झाली.

“पण नकाशा होता ना तुमच्याकडे?” धाकट्यानं मला त्यांच्या घरी त्या दिवशी विचारलं. “कुठे काय पुरलंय याचा?”

“होता. वाळूला नकाशा कळत नाही रे बाबा.”

वाऱ्यानं टेकडी सरकते, सुरुंगही सरकतो. कधी त्यावर हातभर वाळू चढते. शोधायचं यंत्र धातूवर आवाज देतं, आणि सुरुंगात धातू अगदी नावाला, बाकी प्लास्टिक. म्हणून पोटावर झोपून सळई तिरकी खुपसत पुढे सरकायचं. तपासलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत लावायची. फितीच्या आत चाललात तर जगलात, असा आमचा हिशोब.

मिलिंद गेला त्या सकाळी मेजर साहेब म्हणाले, “सुभेदार, आज सुरुंगांची ही पट्टी संपेल?”

“साब, काल वारा फार होता.”

“मग संपली नाही तरी चालेल. माणसं शाबूत आणा.”

मिलिंदनं वाट तपासली, फीत लावली. काम झालं. तो उठून फितीच्या आतून आमच्याकडे परत येत होता. हसत होता. तेवढ्यात जमीनच उडाली.

वाळू खाली बसली तेव्हा दिसलं, त्याचा एक पाय नव्हता. दुसऱ्याकडे बघवत नव्हतं. मला अजून कळत नाही, एवढ्या आवाजानंतर इतकं शांत कसं काय झालं. सुरुंग फितीच्या आत निघाला होता, वाळूत खोल गेलेला. म्हणजे आता त्या वाटेवर भरवसा नाही. पडलेल्या माणसाकडे धावायचं नाही, ही आमची पहिली शिकवण. पोरांना मीच ती घोकून घ्यायचो. तरी माझा पाय उचलला गेला.

“साब, थांबा तिथंच!” मिलिंद ओरडला. “मीच येतो.”

आणि तो कोपरांवर सरकायला लागला.

“हलू नकोस! मिलिंद, ऑर्डर आहे!” माझी किंकाळीच निघाली. त्यानं माझा हुकूम कधी मोडला नव्हता, तो त्या दिवशी मोडला. थोडा सरकला आणि थांबला. मी पोटावर पडलो, सळई खुपसत, हात सरकवत निघालो. आईंच्या खिडकीपासून त्या टाकीपर्यंतचं अंतर. माणूस बोलता बोलता चालून जातो तेवढं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या जवळ पोचायच्या आधी, मधेच, माझी सळई आणखी एका सुरुंगाला लागली. धावलो असतो तर मीही गेलो असतो, आणि माझ्यामागून धावणारेही. मी पोचलो तेव्हा त्याच्यात धुगधुगी होती. गाडीत चढवेपर्यंत तीही संपली.

हे सगळं मी आईंना सांगितलं. दुसरं काय करणार? त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या.

“काय म्हनला त्यो? पुन्हा सांगा.”

“थांबा तिथंच, मीच येतो.”

त्यांनी पदर तोंडात कोंबला. धाकटा “आई, आई” करत पुढे झाला, तर त्याला हातानंच अडवलं. पदर काढून बोलल्या.

“यार्डात ट्रकांची ही गर्दी. ह्यो ल्हान. मला बघितलं की धावतच सुटायचा चाकांमधनं. मी पोतं टाकून वरडायची, थांब तिथंच, मीच येते!” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमी न्हाई धावला ते बरं केलं. तुमाला बी आई आसंल.”

मी निवृत्त होईपर्यंत पुढे रिक्रूटांना शिकवलं. पडलेल्याकडे धावायचं नाही. त्याला ओरडून सांगायचं, थांब तिथंच, मीच येतो, आणि सळई घेऊन जायचं. एखादा चौकस रिक्रूट विचारायचा, “साब, हे वाक्य ट्रेनिंगच्या पुस्तकात सापडत नाही.”

“नाहीच आहे,” मी सांगायचो. “ते मार्केट यार्डातलं आहे.”