नातीच्या अर्जातला खोडलेला परिच्छेद

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पण विचारणार कोण? माझ्याशिवाय कुणाला ते ठाऊकच नाही.

माझी नात तेव्हा ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश कसे देतात, याची संगणकावर नक्कल करणारा एक प्रोग्राम होता, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा असा खुला. तो चालवणारा परदेशातला गट उन्हाळ्यापुरते काही विद्यार्थी कामाला घेणार होता. आपण काय करणार, हे अर्जात सविस्तर लिहायचं होतं.

"सोपं आहे, आजोबा," ती माझ्या कारखान्याच्या भाषेत म्हणाली. "आत्ता सगळा माल एकाच लाइनवर निघतोय. मी तेच काम आठ लाइनींवर वाटणार."

"मग आठही लाइनींचं मिळून तेच निघायला हवं, जे एका लाइनवर निघत होतं."

"तिथंच तर अडलंय ना! आमच्या सरांना हे समजवायला मला आठवडा लागला. कॉलेजात शिकवायला येता का?"

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी खात्यात, मी तीस वर्षं काढली. गिऱ्हाइकांना इंग्रजी पत्रं मीच लिहायचो. म्हणून अर्ज पाठवायच्या दिवशी दुपारी तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "फक्त इंग्रजी बघा. मी आंघोळ करून येते नि पाठवते."

अर्ज चांगला होता. शेवटी मात्र तिने लिहिलं होतं की, काम आठ प्रोसेसरांवर वाटलं की उत्तर किंचित बदलतं, ते का बदलतं हे मला अजून माहीत नाही, पहिले तीन आठवडे मी त्याच्या शोधात घालवीन.

आमच्याकडे गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला यायची, त्या सकाळी बाद मालाची लाल पेटी ताडपत्रीखाली जायची. आधी ऑर्डर, मग दोष. विचारल्याशिवाय आपण होऊन सांगायचं नाही, हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. 'मला माहीत नाही' असं लिहून देणाऱ्याला काम कोण देईल?

मी तो परिच्छेद खोडला. तिला सांगणारच होतो, असं पुढे बरेच दिवस मी मनाशी म्हणत राहिलो. खरं म्हणजे सांगणार नव्हतो. ती वाद घालेल, हे मला माहीत होतं.

केस पुसत ती बाहेर आली. "किती चुका?"

"दोन-तीन. केल्या नीट."

"झकास." तिने परत न वाचता अर्ज पाठवला.

महिन्याभराने नकार आला. त्यांनी लिहिलं होतं: अर्जासोबत जोडलेला तुमचा कोड आम्ही चालवून पाहिला. आठ प्रोसेसरांवर उत्तर बदलतं. ही गोष्ट तुमच्या लक्षातच आली नाही, की आली असून तुम्ही सांगितली नाही? अशी गोष्ट दिसते का आणि दिसली तर सांगता का, हेच अशा कामात आम्ही आधी बघतो.

तिने कच्च्या मसुद्याची वही काढली. परिच्छेद वहीत होता, अर्जात नव्हता. "उतरवायचाच राहिला वाटतं माझ्याकडून," ती म्हणाली. वहीच्या पानाचा फोटो काढून तिने पाठवला. मुदत संपल्यामुळे तो धरता येणार नाही, असं नम्र उत्तर आलं.

"घाई, दुसरं काय!" माझा मुलगा तिला म्हणाला. "सहा महिने राबायचं आणि शेवटच्या दिवशी माती करायची."

तिने वही मिटून ठेवली. मी समोरच बसलो होतो. खोडल्याचं मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिने अर्ज केला नाही. 'माझं लक्ष राहत नाही, ते बारकाव्याचं काम मला जमायचं नाही,' म्हणाली. आता ती चाकणच्याच एका कंपनीत आहे, सकाळी रावेतहून कंपनीच्या बसने जाते. मेंदूच्या पेशींचा विषय तिने घरात पुन्हा काढला नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसचा एक अहवाल घेऊन ती माझ्याकडे आली. "मला नको दाखवूस," मी म्हणालो. "तुझं तू पाठव."

"नको बाई! मी विसरते काहीतरी. तुम्ही बघितलंत की धीर येतो."

मी चष्मा लावला, तो अहवाल दोनदा वाचला आणि एका शब्दालाही हात न लावता परत दिला. त्या वेळी जे बोलायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. ते असं होतं: पोरी, तू काही विसरली नव्हतीस. तो परिच्छेद मी खोडला. तुझं लिहिलेलं बरोबर होतं, चूक माझी होती. मला माफ कर.