प्रबंधाची वाकडी चटई

पर्पेतुआ माग्बानुआ, म्हणजे गावाच्या पेतिंग मॅम, यांच्या वर्गात वाकडी रेघ शोधूनही सापडायची नाही. आंतिके प्रांतातल्या त्या समुद्राकाठच्या शाळेला ‘सुंदर वर्गा’चं बक्षीस सलग बावीस वर्षं मिळालं, ते एकट्या मॅमच्या कात्रीच्या जोरावर. मुलांनी चित्रं काढायची आणि मुलं घरी गेली की मॅमनी ती ‘जरा नीट’ करून भिंतीवर लावायची, हा शिरस्ता. कुणाचा कोंबडा बदकासारखा दिसला तर त्याला तुरा मिळे. कुणाचा सूर्य चौकोनी असला तर वाटी उपडी ठेवून तो गोल केला जाई. यात वावगं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांची माया त्यांच्या हातात होती आणि हात काही स्वस्थ बसत नव्हते.

नातवंडं खेळवायच्या वयात बाईंनी इलोइलोच्या विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.ला नाव घातलं. त्यांना एक प्रश्न खरोखरच छळत होता. पहिलीत ढिगानं चित्रं काढणारी मुलं चौथीपर्यंत रंगांना हात का लावेनाशी होतात? आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्यांच्या आया त्या सुंदर भिंतीपुढे दोन मिनिटंही का थांबत नाहीत? मॅमनी प्रश्नावली वाटली. आयांनी वरपासून खालपर्यंत ‘छान आहे’वर खुणा करून ती परत दिली. त्यातून हाती काय लागणार, कपाळ?

मग त्यांनी ‘कलेतून संशोधन’ हा विषय घेतला. शिकवायला डॉ. लोर्ना काबालफिन, मॅमपेक्षा अठरा वर्षांनी लहान आणि बोलायला फटकळ. पहिल्याच कामासाठी मॅमनी चकाकी लावलेला, झालर सोडलेला भला मोठा फलक करून नेला. वर्गातल्या सगळ्यांनी फोटो काढले.

‘‘सुंदर आहे, मॅम पेत,’’ लोर्ना म्हणाल्या. ‘‘पण हे करताना तुम्हाला नवीन काय कळलं?’’

‘‘कळायचं काय त्यात? कळलेलं होतं तेच तर लावलंय.’’

‘‘मग ही सजावट झाली. आपल्याला हातानं करत करत शोधायचंय. तुम्हाला अजिबात येत नाही असं काहीतरी करा. येतं त्यात तुम्ही फक्त मिरवाल.’’

परतीच्या बसमध्ये मॅम तीन तास फणफणत होत्या. पोरगी कालची, आणि मला शिकवते. पण गावात उतरेपर्यंत राग निवला आणि बोलणं तेवढं उरलं. आपल्याला काय येत नाही? चटई येत नाही. गावातली प्रत्येक बाई केवड्याच्या जातीच्या पानांची चटई विणत होती. मॅम शिक्षकाच्या घरात वाढल्या, त्यामुळे त्यांना फक्त चटईवर बसता येत होतं.

गावातली सगळ्यात पटाईत विणकरीण लोला साबेल, म्हणजे साबेल आजी. वय त्र्याहत्तर, आणि तिची तेरा नातवंडं मॅमच्या हाताखालून गेलेली. तिच्या ओसरीवर दर शनिवारी सकाळी आठ बायका विणायला बसत. मॅम त्यांत नवव्या बसल्या.

‘‘मॅम, पान हलक्या हातानं धरा. खडू नाही ते, मोडेल.’’

‘‘धरलंय की, लोला.’’

‘‘धरलंय कुठं? गळा दाबलाय त्याचा.’’

बायका पोट धरधरून हसल्या. मॅमना पहिले दोन शनिवार अपमान वाटला, तिसऱ्या शनिवारी त्याही हसल्या, आणि पुढं तर शनिवारची वाट बघू लागल्या. दर खेपेला त्या वहीत चित्र काढत, फोटो चिकटवत, कोण काय बोललं ते लिहीत. बायका नवऱ्यांबद्दल बोलत, सासवांबद्दल बोलत, मासळीच्या भावाबद्दल तर अखंड बोलत. मुलांच्या चित्रांचा विषय निघाला की मात्र सगळ्यांच्या माना विणीत खाली जात. आठ महिन्यांत मॅमची चटई झाली. एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब, मध्ये फुगा, तिसऱ्या शनिवारचा कोपरा तर पार तिरपा. मॅम तिच्यावरून हात फिरवत आणि मनातल्या मनात फुलत. आयुष्यात प्रथमच त्यांना आपली एक वाकडी वस्तू आवडली होती.

प्रबंध लिहून झाला, पण मुख्य प्रश्नाचं उत्तर काही सापडलं नव्हतं. ‘‘नाही सापडलं तर तसं लिहा,’’ लोर्ना म्हणाल्या. परीक्षकांना ते पटलं नाही तर संपलं होतं. विद्यापीठानं दिलेली मुदत त्याच सत्राला संपत होती आणि वाढवून मिळणार नव्हती.

तोंडी परीक्षेच्या दिवशी गावातून जीपनी, म्हणजे वडापची लांबडी जीप, अख्खी भरून आली. परीक्षकांना खाऊ घालायचं असतं, म्हणून पान्सितच्या शेवयांची परात, नारळाच्या पानात शिजवलेला चिकट भात, आणि लोला साबेलच्या मांडीवर गुंडाळलेली चटई. ‘‘कडा आम्ही दुमडून आणतो, तुम्ही अभ्यास करा,’’ म्हणून तिनं ती दोन दिवस आधी ठेवून घेतली होती.

मॅमनी परीक्षकांपुढं दोरी सोडली आणि चटई पसरली. चारही कोपरे काटकोनात. वीण एकसारखी, कडेला लाल नक्षी. खोलीत सगळे वाहवा करू लागले. फक्त डॉ. सोलिदुम, तिघांतले सगळ्यात खडूस, प्रबंधाची पानं उलटत होते.

‘‘पान एकशे बारावर चटई वाकडी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘ही सरळ आहे. यातलं खरं काय?’’

मॅम मागं वळल्या. ‘‘लोला, माझी चटई कुठंय?’’

‘‘हीच की. उसवली आणि परत विणली. आठही जणी दोन दिवस बसलो. एवढ्या मोठ्या माणसांपुढं तुमची फजिती होऊ द्यायची होय?’’

‘‘मला विचारायचं तरी.’’

‘‘विचारून कुणी माया करतं का, मॅम?’’

मॅम त्या सुरेख चटईकडं बघत राहिल्या. तिसऱ्या शनिवारचा कोपरा त्यांनी नजरेनं शोधला. तो नव्हता. डोळे भरून आले, आणि का भरून आले हे कळल्यावर त्या चरकल्या.

‘‘सर, मला रडू येतंय, कारण ही माझी नाही. बावीस वर्षं मी मुलांची चित्रं अशीच नीट केली. मायेनंच केली. पोरं सकाळी येऊन भिंतीवर आपलं चित्र शोधायची आणि तिथं माझं असायचं. त्यांच्या आयाही तेच शोधायला यायच्या. दोन मिनिटांत कळायचं, ते इथं नाही.’’

मग मागून नेरिसा म्हणाली, जी आठ महिने मॅमच्या शेजारी बसून विणत होती, ‘‘माझ्या पोरीच्या होडीला तीन शिडं होती, मॅम. तुम्ही एकच ठेवलंत.’’

‘‘अगं, मग बोलली का नाहीस?’’

‘‘तुम्ही इतकं मनापासून करत होता. कसं बोलणार?’’

डॉ. सोलिदुम यांनी चष्मा काढला. ‘‘या निष्कर्षाचे साक्षीदार किती?’’

‘‘आत्तापर्यंत दोन, सर. एक मी, एक नेरिसा.’’

‘‘पुरावा?’’

‘‘तुमच्या पायाशी पसरलाय.’’

परीक्षक बाहेर गेले, पान्सित निवण्याआधी परत आले. प्रबंध उत्तीर्ण, एक नवं प्रकरण जोडायचं, आणि एक दुरुस्ती. प्रबंधासोबत जमा करायची चटई पान एकशे बारावरच्या फोटोसारखी नाही, सबब पदवीदानाआधी तशी विणून आणावी.

लोर्ना टाळ्या वाजवत सुटल्या. मॅम एका डोळ्यानं रडत, एका डोळ्यानं हसत उभ्या होत्या. ‘‘पण सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तशीच वाकडी पुन्हा जमेल का मला?’’

लोला साबेल उठून उभी राहिली. ‘‘जमेल, डॉक्टर, न जमायला काय झालं? आम्ही कुणी हात लावला नाही म्हणजे झालं.’’