वाकड्या वेण्या

शहरात डिझाइनचा कोर्स करून मी गावी, धनजला परतले, तेव्हा लोकांच्या अडचणी सोडवायची मला भलतीच घाई होती. विचारायचं कशाला, मला माहीतच होतं! कापूस वेचणाऱ्या बायका कमरेची ओटी भरली की ती रिकामी करायला बांधावरच्या ढिगापर्यंत जातात. त्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून मी खांद्याला अडकवायची मोठ्ठी पिशवी शिवली.

पहिली पिशवी दिली शेजारच्या वहिनींना. त्या आमच्याच वावरात वेचायला यायच्या. चौथ्या दिवशी बघते तर पिशवी बांधावर अंथरलेली आणि वहिनी तिच्यावर बसून पाणी पीत होत्या. मी जाम भडकले.

"काहून वो वहिनी, वापरली नाही?"

"वापरून राह्यली ना. बसाले लय मस्त हाये." मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, "ताई, फेरी मारतो म्हून तर कंबर सरळ होते आमची. तुमी तेच बंद करून राह्यल्या."

मी खजील झाले. दुसऱ्या दिवशी डिझाइनची वही घरी ठेवली आणि ओटी बांधून त्यांच्या शेजारच्या ओळीत वेचायला लागले. दुपारपर्यंत वाळक्या बोंडांची टोकं टोचून माझ्या नखांची मुळं रक्ताळली. वहिनींच्या बोटांना तर भेगाच भेगा होत्या.

"दुखत नाही का?"

"दुखण्याचं काय घेऊन बसल्या!" बराच वेळ वेचल्यावर त्या आपणहून बोलल्या. "पोरीची वेणी घालाले बसली का केस अडकतात या भेगाईत. वरडते ते. आता पलीकडच्या शेजारणीकडून घालून घेते. मले डोक्याले हात लावू देत नाही."

मला फार वाईट वाटलं. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं.

जुन्या मोज्यांची बोटांसाठी टोपणं शिवायला घेतली. "बोटाचं पोट उघडं ठेवा, कापूस हाताले समजला पायजे," वहिनींनी बजावलं. पहिली निसटून पडली, दुसरी करकचली. तिसऱ्या खेपेला जमलं.

महिनाभरानं शाळेत जाताना त्यांची लेक आमच्या दारात थांबली. लाल रिबिनी, दोन वेण्या. एक वर, एक खाली. मला राहवतंय कुठे!

"ये, नीट करून देते."

तिनं दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरल्या.

"नको. मायनं घातल्या हायेत."