शिकायचा पगार

पणदऱ्यात दूध डेअरीच्या ओट्यावर सकाळी आम्ही दोन म्हातारे बसतो. मी आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेला बापूराव. माणसं दूध घालून घरी जातात, गोष्टी ओट्यावरच राहतात. गेल्या वर्षभरात राहिल्या त्या बहुतेक माझ्या नातीच्या, वैशालीच्या.

ती मातीवर एमएस्सी झाली. पाणी जास्त झालं की उसाची जमीन खारवते, तो तिचा विषय. पुढे तिला युरोपात पीएचडी करायची होती. इकडे बारामतीच्या एका शाळेत नोकरी ठरली होती. मी बजावलं, "जूनपर्यंत तिकडचं जमलं तर जा. न्हाय तर शाळेत रुजू हो." मी एकदा बोललो की बदलत नाही.

*

"तिकडं पीएचडी म्हणजे नोकरीच असते. जागा निघते, पगार मिळतो," वैशालीने सांगितलं.

बापूरावाने बराच विचार केला. "शिकणाऱ्याला पगार? मग शिकवणारा फी भरत आसंल."

*

जागेसाठी आधी सुपरवायझर, म्हणजे हाताखाली घेणारा प्रोफेसर, गाठावा लागतो, असं ती म्हणाली.

"एवढंच व्हय? बावड्याला माझा मेव्हणा हाय. जन्मभर ऊसतोडीवर सुपरवायझर. आत्ता फोन लावतो," बापूराव म्हणाला.

फोन लागला. मेव्हणा तयारही झाला.

*

शिफारसपत्र हवं होतं. कॉलेजचे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." वैशालीने स्वतःबद्दल लिहिलं, 'मुलगी काम बरं करते.'

मी म्हणालो, "बाजारात बैल नेल्यावर कोणी 'बरा हाय' म्हणतं का?"

"मी बैल न्हाय, आबा."

"म्हणूनच सांगतो. बैल उभा राहून दिसतो. तुला कागदावरच दिसायचंय."

*

पहिलं उत्तर जर्मनीहून आलं. वैशालीने ओट्यावरच मराठी करून वाचलं. "तुमचा अर्ज आम्हाला फार आवडला. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहोत." पुढची ओळ वाचायच्या आत बापूराव उठला आणि पेढे आणून वाटत सुटला.

"आबा, हा नकार हाय," ती हळूच म्हणाली.

"मग सरळ न्हाय म्हणायला काय झालं त्यांना?"

असे अकरा नकार आले. पेढे एकदाच वाटले.

*

मे संपत आला तेव्हा हॉलंडच्या एका प्रोफेसर बाईंनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली. घरात रेंज नाही, म्हणून वैशाली आमच्या खारवट तुकड्याच्या बांधावर फोन धरून उभी राहिली. मी शेजारी.

बाईंनी विचारलं, खार कुठून सुरू होतो, हे यंत्राशिवाय कसं कळतं? वैशाली अडखळली. माझ्याकडे बघून तिने प्रश्न मराठीत सांगितला. मी वाकलो, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकलो. चार पावलं पुढे जाऊन परत तेच केलं.

"हितनं," मी म्हणालो.

बाई काहीतरी बोलल्या.

"आबा, तुमचं शिक्षण विचारतात."

"चौथी. आन त्यांनी कधी माती चाखली हाय का, ते विचार."

"मुलाखत माझी हाय, आबा."

"विचार."

तिने विचारलं. बाई उठल्या. खिडकीतली कुंडी घेऊन आल्या आणि त्यातली चिमूटभर माती तोंडात टाकली. तोंड वाकडं केलं, दोन वाक्यं बोलल्या. मी वैशालीला विचारलं.

"काय म्हणती?"

"आळणी हाय म्हणतात. येताना आपली पुडीभर माती आणायला सांगितलीय."