सोन्याचं सुतक

आमच्या आतोबांइतका मिशीला जपणारा माणूस सोलापुरात झाला नाही, आणि त्यांच्याइतक्या सहज ती सोडून देणाराही झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. होटगी स्टेशनात मालबाबू म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. पेन्शन घेऊन सात रस्त्याजवळ बिऱ्हाड केलं, तरी अंगातली रेल्वे काही उतरली नाही. भूक लागली की ते स्वयंपाकघरात डोकावून "सिग्नल पडला का गं?" असं आत्याला विचारीत. गिरणीचा भोंगा झाला की खिशातलं घड्याळ काढून पाहत आणि "आज गिरणी लेट आहे" असं शांतपणे जाहीर करीत. मिशी दोन्हीकडे वर वळवलेली, कलपाने काळीभोर. ती विंचरायला एक हस्तिदंती फणी होती. तिला हात लावायची आत्यालाही मुभा नव्हती.

होटगीला असतानाच विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाने आपलं एक पिल्लू त्यांच्या गळ्यात घातलं होतं. लांबोडकं, आखूड पायांचं, पिवळट पांढऱ्या केसांचं ते जनावर म्हणजे मुंगसाचा विलायतेतला चुलतभाऊच. तिकडे म्हणे त्यांना सशांच्या बिळात सोडतात. साहेबाने ठेवलेलं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आत्याने त्याला सोन्या म्हणायला सुरुवात केली. आत्याला मूलबाळ नव्हतं. घरात कांदासुद्धा न चालणाऱ्या या बाईने समोरच्या टांगेवाल्याच्या घरून सोन्यासाठी रोज वाटीभर खिमा लावला. वाटी मागच्या पायरीवर ठेवली जाई. आत्या तिकडे पाठ करून, नाकाला पदर लावून उभी राही आणि विचारी, "संपवलंस का रे सगळं?" सोलापूरचं ऊन त्याला सोसेना, तेव्हा तिने एक जुना रांजण आडवा करून त्यावर ओलं गोणपाट टाकलं. त्यात तो दिवसभर झोपे.

आतोबा त्याला सगळीकडे नेत. जेऊरच्या एका लग्नात तो पिशवीतून निसटला आणि थेट मुलाकडच्या थोरल्या व्याह्यांच्या कोटाच्या बाहीत शिरला. व्याही हात वर करून ओरडू लागले. आतोबा म्हणाले, "हलू नका. गाडी इथं थांबत नाही, पुढं निघून जाईल." आणि खरोखरच सोन्या कॉलरमधून बाहेर आला, व्याह्यांचा कान हुंगला आणि खाली उतरला. त्या घराशी आमचं बोलणं पुढे बरेच दिवस बंद होतं.

मग एका उन्हाळ्यात थोड्याशा तापाने आत्या गेली. क्रिया आतोबांनीच केली. दहाव्याला न्हावी आला, डोक्याबरोबर मिशीही उतरली. घरी आल्यावर सोन्याने त्यांचा ओठ बराच वेळ हुंगला.

पुढच्याच महिन्यात सोन्याच्या शेपटीचे केस गेले. मग पाठीचे. आतली कातडी पापडासारखी पातळ दिसू लागली. मी म्हणालो, "आतोबा, त्याला काहीतरी झालंय."

"झालंय काय? क्षौर केलंय त्यानं," ते म्हणाले. "पोटचा मुलगा असता तर त्यानं केलं असतं की नाही? मग?"

औषध नको, तेल नको; सुतक फिटलं की केस येतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांचे स्वतःचे आले, सोन्याचे येईनात. तेव्हा त्याला एकट्याला सुतकात ठेवणं त्यांना बरं वाटेना, आणि त्यांनी पुन्हा मिशी काढली. पुढे हे नेमाने चालू झालं. न्हावी कुरकुरे, "मालबाबू, आता ठिवा की वं. लोकं लई हसत्यात."

"त्याचे आले का?"

न्हावी रांजणात वाकून बघे. "न्हाय."

"मग चालव वस्तरा."

सोन्याचे मागचे पाय लुळे पडले. तो भिंतीकडे टक लावून बसे, तोंडातून लाळ गळे. कधी इतका गाढ झोपे, की हलवूनही उठत नसे. मग आतोबा बोटाने त्याच्या हिरड्यांना मध लावीत आणि तो डोळे उघडी. शेवटी मीच दोघांना टांग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मला विचारलं, "हे काय आहे?" मग पोट चाचपून म्हणाले, "म्हातारपण आहे. केस जाणं हे वरवरचं. आतूनच बिघडलंय." आतोबांनी सोन्याला पंच्यात गुंडाळलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "त्या डॉक्टरला आपल्या घरातलं काय ठाऊक?"

चैत्रात सोन्या रांजणातच गेला. परसात तगरीखाली त्याला पुरलं. हात धुता धुता आतोबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला कळत नव्हतं असं नाही रे. पण तिच्यासाठी सुतक धरायला माझ्याशिवाय घरात दुसरं होतं कोण?"

मिशी त्यांनी त्यानंतरही ठेवली नाही. सोन्याचे केस आलेच नव्हते ना.

गेल्या महिन्यात आतोबाही गेले. आजार लांबला, अंगाला हात लावू देईनात, त्यामुळे न्हावी दारावरून परत जाई. तिरडी बांधेपर्यंत मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. ओठावर मिशी पुरती उगवली होती. पांढरीशुभ्र, आत्याने कधी न पाहिलेली. मी कोनाड्यातली फणी काढली. तिच्या दातांत पिवळट पांढरे, मऊ केस अडकलेले होते.

ते मी काढले नाहीत. त्याच फणीने आतोबांची मिशी विंचरली आणि दोन्हीकडे वर वळवली.