लिफ्ट एकदम बंद!

हसायचं तर हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा! कारण नागपुरात आजवर कोणी घातला नसंल असा घोळ मी घातला. अन् तोही एकटीनं नाही, अख्ख्या बिल्डिंगले सोबत घेऊन!

झालं असं, मले खाली जड-जड वाटून राहिलं होतं. संध्याकाळी तर वाटे, काहीतरी निसटून बाहेरच येते की काय! नवऱ्याले सांगितलं, तर म्हणे, "गॅस असंल वं." त्याच्या लेखी सगळा गॅसच!

शेवटी लाज बाजूले ठेवली अन् डॉक्टरीणबाईकडे गेली. तपासून त्या म्हणाल्या, "अंग, म्हणजे गर्भपिशवी, थोडं खाली सरकलंय. घाबरू नका, ऑपरेशनची आत्ता गरज नाही. व्यायामानं बराच आराम पडेल."

ऑपरेशन नाही! मी तर खुर्चीतच उडाली! त्या आनंदात अन् त्यांच्या कूलरच्या घरघरीत पुढचं अर्धंमुर्धंच ऐकलं. लघवी रोखतो तसं आत ओढायचं, धरायचं, सोडायचं. पोट साफ ठेवायचं, जोर करायचा नाही. "आणि लिफ्टिंग एकदम बंद!"

"लिफ्ट बंद?"

"एकदम! तेच सगळ्यात महत्त्वाचं."

आता सांगा, माझं काय चुकलं? आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर!

त्या दिवसापासून जिना सुरू. भर उन्हाळा, छातीशी हे एवढं टरबूज, खांद्याले भाजीची थैली, अन् मी चालली वर! भावानं मौद्याहून पोतंभर तांदळाचा कट्टा आणला, तोही थोडा-थोडा करून मीच चढवला.

"काहून वं? लिफ्ट चालू आहे ना!" नवरा म्हणे.

"मले मनाई आहे!"

"तुले आहे. तांदळाले आहे का?"

"अर्धी मनाई पाळून गुण येते का? तुम्ही फाटे नका फोडू!"

प्रत्येक मजल्यावर थांबून मी आत ओढायची, धरायची, सोडायची. दुसऱ्या मजल्यावरच्या मेश्रामकाकूनं मले तसं डोळे मिटून उभं पाहिलं.

"काय वं पोरी, चक्कर आली का?"

मी सगळं सांगून टाकलं. काकूनं इकडंतिकडं पाहिलं अन् हळूच म्हणाली, "मले पण आहे वं. पोरगा झाला तेव्हापासून. कोणाले बोलली नाही."

अन् तो पोरगा आता स्वतः दोन लेकरांचा बाप!

माझ्या अंगात वारंच शिरलं! म्हटलं, "काकू, यात शास्त्र आहे. लिफ्ट झपकन वर जाते, आपण वर जातो, पण अंग खालीच राहते!"

हे डॉक्टरीणबाईनं सांगितलं नव्हतं हं. हे माझं स्वतःचं संशोधन!

काकूनं दुसरीले सांगितलं, दुसरीनं तिसरीले. ज्या बायांनी घरात कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या जिन्यात बसून मोकळ्या बोलायले लागल्या. कोणी रडली, कोणी हसली. मग सगळ्यांनीच लिफ्ट सोडली. गहू, पाण्याच्या कॅन, सगळं जिन्यानं! सेक्रेटरी इतका घाबरला, की त्यानं लिफ्टवर पाटीच लावली, 'महिलांनी वापर टाळावा.'

पण आराम कुठचा? उलट जडपणा वाढला. मग काय, आमची पलटणच दवाखान्यात!

डॉक्टरीणबाईनं एकेकीले तपासलं. मग मले विचारलं, "वजन उचलत नाही ना?"

"उचलतो ना!" मी छाती फुगवून म्हटलं. "पण लिफ्टनं नाही, जिन्यानं!"

बाईनं कपाळावर हात मारला. "अहो, लिफ्टिंग म्हणजे वजन उचलणं! लिफ्टनं खुशाल जा. वजन उचलू नका, अन् व्यायाम तेवढा सोडू नका."

सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी पदर सारखा करून राहिली.

"तुम्ही शाळेत शिकवता ना हो?" बाईनं विचारलं.

"हो."

"कोणता विषय?"

मी पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधायले लागली. उत्तर मेश्रामकाकूनं दिलं.

"इंग्रजी!"